औषधी वनस्पतींच्या बागेतील आच्छादन : निवड, शोधन आणि कीडप्रतिबंध

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात औषधी ग्रहणाच्या भूमीचे निकष सांगितले आहेत. वारूळ, स्मशान, विवरे असलेली भूमी वर्ज्य मानली आहे आणि प्रशस्त भूमीत उगवलेली वनस्पतीही कृमी, विष, अग्नी, जल इत्यादींनी उपहत झालेली नसावी, असा तेथील आशय आहे. आज अनेक वैद्य व फार्मसीचालक स्वतःच्या जागेत अश्वगंधा, शतावरी, अडुळसा, तुळस, गुळवेल यांची लागवड करतात. रोपे पारखून घेतली जातात, पाणी तपासले जाते. मात्र वाफ्यांवर अंथरण्याचा पालापाचोळा कोठून आला याची चौकशी सहसा होत नाही. बागेत कीड शिरण्याचा तो एक मोठा मार्ग आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

आच्छादनाची गरज

अहिल्यानगर जिल्ह्याच्या बहुतांश भागात वार्षिक पर्जन्यमान सुमारे ५०० ते ६०० मिलिमीटर आहे. अशा अवर्षणप्रवण प्रदेशात आच्छादनामुळे बाष्पीभवन कमी होते, तण दबते आणि जमिनीचे तापमान सौम्य राहते. म्हणून आच्छादन टाळणे हा उपाय नव्हे. ते निर्दोष असावे, एवढाच प्रश्न आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य आपल्या व्यवसायात अधिक आहे. भाजीपाल्यावर कीड आली तर शेतकरी फवारणी करतो. औषधी वनस्पतीवर तीच फवारणी केल्यास कीटकनाशकाचा अंश मूळ, पान वा सालीतून चूर्णात व क्वाथात उतरतो आणि कच्चा माल आयुर्वेदिक फार्माकोपियातील मर्यादेत बसत नाही. फवारणी न केल्यास पीक जाते. दोन्ही बाजूंनी हानी असल्याने कीड दारातच अडविणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

मालाबरोबर काय येते

दक्षिण अमेरिकेतील टुटा ॲब्सोल्युटा ही टोमॅटोवरील नागअळी भारतात प्रथम २०१४ साली महाराष्ट्रातच आढळली. पुण्याबरोबर आपल्या जिल्ह्यातही तेव्हा तिची नोंद झाली. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून आतील हरितभाग खाते व मातीत किंवा वाळल्या पानांत कोषावस्थेत जाते. संगमनेर, अकोले परिसरात टोमॅटोचे क्षेत्र मोठे असून हंगाम संपल्यावर उपटलेली झाडे फुकट मिळतात. परंतु अश्वगंधा, कंटकारी, काकमाची व धोत्रा ही टोमॅटोच्याच कुळातील आहेत. अश्वगंधेच्या वाफ्यावर टोमॅटो, वांगी वा मिरचीचे अवशेष अंथरणे म्हणजे त्या कुळाच्या किडी, रोगजंतू आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना निमंत्रण देणे होय.

पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ साली कोईमतूर येथे प्रथम आढळला व पुढे महाराष्ट्रात पसरला. तो जास्वंदीवरही उपजीविका करतो. रस शोषणारी ही कीड पूर्ण वाळलेल्या काडीवर फार काळ टिकत नाही. ओल्या, हिरव्या छाटणीबरोबर मात्र सहज येते. २०१० साली परदेशातून आणलेल्या परोपजीवी कीटकांनी तिला आटोक्यात आणले. सरसकट फवारणीने असे मित्रकीटकही मरतात, हे ध्यानात ठेवावे.

मोठी आफ्रिकन शंखी गोगलगाय ओलसर पाल्याखाली दडते. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड व उस्मानाबाद जिल्ह्यांत तिने सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. बीड जिल्हा आपल्या सीमेला लागून आहे. साबुदाण्यासारखी तिची अंडी ओल्या पाल्यातून व मातीतून नकळत येतात. ही गोगलगाय उंदरांच्या फुप्फुसातील कृमीची वाहक असून तो कृमी मनुष्याच्या मेंदूच्या आवरणाला शोथ आणू शकतो. स्वरस न उकळता दिला जातो. म्हणून गोगलगायी असलेल्या बागेतील तुळस वा अडुळशाची पाने स्वरसासाठी घेऊच नयेत.

गाजरगवत १९५५ साली पुण्यात प्रथम नोंदले गेले. त्याने होणारा त्वग्विकार आपण चिकित्सालयात पाहतोच. फुलोऱ्यानंतर कापलेल्या गवताच्या एका भाऱ्यातून हजारो बिया बागेत येतात. हुमणी ही येथील जुनीच कीड आहे. अर्धकच्च्या शेणखतातून तिच्या अळ्या येतात आणि मुळे कुरतडतात. ज्यांचे मूळ हेच औषध, त्या अश्वगंधा व शतावरीला ती विशेष घातक होय.

कोणता माल घ्यावा

महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ ज्या प्रवरानगरला झाला, त्या आपल्या जिल्ह्यात उसाचे पाचट मुबलक आहे. एक हेक्टर उसातून सुमारे आठ ते दहा टन पाचट मिळते आणि ते पुष्कळ ठिकाणी जाळले जाते. ऊस तृणकुळातील असल्याने त्याच्या खोडकिडी वरील औषधींवर सहसा जगत नाहीत. म्हणून तणविरहित शेतातील, ओळखीच्या शेतकऱ्याकडील कोरडे पाचट हा आपल्यासाठी उत्तम पर्याय आहे. त्या शेतात कोणती तणनाशके व कीटकनाशके केव्हा वापरली, हे विचारून वहीत नोंदवावे. गव्हाचे काड व बाजरीचे सरमाडही याच नियमाने घ्यावे.

लाकडाचा भुसा घेताना अधिक दक्षता हवी. परदेशी मालाच्या खोक्यांतून खोडकिडी येऊ नयेत म्हणून २००२ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यानुसार लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून त्यावर ‘एचटी’ अशी खूण करतात. ‘एमबी’ ही खूण मिथिल ब्रोमाइडच्या धुरीची असते. तसे लाकूड टाळावे. रंगविलेल्या किंवा टिकाऊपणासाठी रसायने मुरविलेल्या लाकडाचा भुसा कदापि घेऊ नये, कारण अशा काही रसायनांत आर्सेनिक असते.

आच्छादनाचे शोधन

द्रव्य शोधनानंतरच वापरावे, हा आपला नियम आच्छादनालाही लावावा.

१. आलेला माल बागेपासून दूर, फरशीवर पसरून दोन आठवडे ठेवावा. अंडी, अळ्या, कोष, गवताचे तुरे आढळल्यास तो परत करावा.

२. शंकास्पद माल शेणकाला शिंपडून किमान एक मीटर उंचीच्या ढिगात कुजवावा. आतील तापमान ५५ अंशांवर जाऊन सुमारे पंधरा दिवस टिकावे आणि तेवढ्या अवधीत ढीग पाच वेळा उलथावा, म्हणजे बाहेरचा थर आत जाईल. त्यासाठी लांब दांड्याचा तापमापक पुरेसा आहे.

३. एप्रिल-मे महिन्यांत ओलसर मालाचा पातळ थर पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे उन्हात झाकून ठेवल्यासही बिया व अंडी बहुतांशी नष्ट होतात.

४. अंथरताना थर पाच ते आठ सेंटिमीटरचा असावा व खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी. वाळवीचा माग दिसल्यास तेथील आच्छादन काढून घ्यावे.

५. पावसाळ्यात सायंकाळी गुळाच्या पाण्यात भिजविलेली पोती बागेच्या कडेला ठेवावीत. सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

अपरिचित कीड आढळल्यास नमुना बंद बाटलीत घेऊन राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्र विभागास दाखवावा. ओळख पटण्यापूर्वी फवारणी करू नये.

आपण रुग्णास पथ्य सांगतो, कारण अपथ्याने उत्तम औषधही निष्फळ ठरते. बागेचे पथ्य तिच्या फाटकापाशी सुरू होते. कच्च्या मालाच्या नोंदवहीत वनस्पतीचे नाव व संग्रहणाची तारीख आपण लिहितोच. त्यापुढे आच्छादन कोठून आले हा एक रकाना जोडावा.