लिनक्सच्या सेटिंगमध्ये फायरवॉलचं बटण हवं की नको?

या भागात जे बोललो, ते थोडं नीटनेटकं करून इथे लिहून काढलंय. बसमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी खास.

आधी माझाच किस्सा सांगतो. जुन्या लॅपटॉपवर नवीन लिनक्स टाकलं. फोनमधले फोटो वायरशिवाय लॅपटॉपवर घ्यायचे होते, म्हणून दोन्हीकडे एक ॲप टाकलं. दोन्ही एकाच वायफायवर, तरी फोनला लॅपटॉप काही दिसेना. अर्धा तास डोकं खाजवल्यावर इंटरनेटवर एक ओळ सापडली: 'फायरवॉल बंद करा'. केली. चुटकीसरशी फोटो आले. आणि मी ते विसरून गेलो. पुढचे कित्येक महिने तोच लॅपटॉप कॅफेच्या, लायब्ररीच्या, मित्राच्या पीजीच्या वायफायवर तसाच उघडा फिरत होता.

चूक माझीच. पण सेटिंगमध्ये 'या ॲपला घरच्या वायफायवर परवानगी द्या' असं एक बटण असतं, तर मी अख्खं दार काढून ठेवलं असतं का? आजचा विषय हाच.

फायरवॉल म्हणजे नक्की काय?

तुमचा कॉम्प्युटर म्हणजे एक सोसायटी समजा. तिला ६५ हजारांहून जास्त दारं आहेत, त्यांना पोर्ट म्हणतात. एखादा प्रोग्रॅम दारामागे बसून 'कोण आहे?' विचारत असेल, तरच ते दार कामाचं. फायरवॉल म्हणजे गेटवरचा वॉचमन. कुणाला आत सोडायचं, कुणाला परत पाठवायचं, हे तो यादी बघून ठरवतो.

आता गंमत बघा. लिनक्समध्ये हा वॉचमन कर्नलमध्येच बसलेला आहे. त्याचं नाव नेटफिल्टर. त्याला सूचना द्यायला आधी आयपीटेबल्स होतं, मग २०१४ मध्ये एनएफटेबल्स कर्नलमध्ये आलं. पण त्यांची भाषा सामान्य माणसाच्या डोक्यावरून जाते. म्हणून त्यावर सोपी अवजारं आली: उबुंटूचं यूएफडब्ल्यू, फेडोराकडचं फायरवॉलडी. थोडक्यात, वॉचमन सगळीकडे आहे. प्रश्न एवढाच, की त्याच्याशी बोलायचं कुठून?

सध्या कोण काय देतं?

इथे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. उबुंटूमध्ये यूएफडब्ल्यू आधीपासून असतं, पण बंद. लिनक्स मिंटमध्ये त्याची खिडकी, म्हणजे जीयूएफडब्ल्यू, मेन्यूमध्ये मिळते, पण चालू तुम्हीच करायचं. फेडोरात फायरवॉलडी सुरूच असतं. मात्र त्याच्या वर्कस्टेशन आवृत्तीत १०२५ पासून वरची सगळी पोर्टं मोकळी ठेवलेली असतात. का? तर ॲप अडली की लोक फायरवॉलच बंद करतात. म्हणजे माझ्यासारख्यांची त्यांना आधीच कल्पना होती!

डेस्कटॉपचं म्हणाल, तर केडीई प्लाझ्माने २०२१ मध्ये, ५.२१ आवृत्तीत, सेटिंगमध्ये फायरवॉलचं पान आणलं. ग्नोमच्या सेटिंगमध्ये असं वेगळं पान नाही.

'गरजच काय?' म्हणणाऱ्यांचं म्हणणं

ते उडवून लावण्यासारखं नाही. दारामागे कुणी बसलेलंच नसेल, तर वॉचमन कशाला? नको असलेले प्रोग्रॅम चालू ठेवू नका, झालं. घरचा राउटरही बाहेरची बरीच गर्दी अडवतो. शिवाय बटण दिलं की लोकांना वाटतं, आता आपण सेफ. पण ही साधी फायरवॉल फक्त बाहेरून आत येणारं अडवते. तुम्ही स्वतः काहीबाही डाउनलोड करून चालवलंत, तर ती काय करणार?

बरोबर आहे. पण 'दारामागे कुणी नाही' हे तुम्हाला खात्रीने माहीत असतं का?

सप्टेंबर २०२४ आठवा. सिमोने मार्गारितेली या संशोधकाने लिनक्सच्या प्रिंटिंग व्यवस्थेतल्या काही त्रुटी उघड केल्या. कप्स-ब्राउज्ड नावाचा प्रोग्रॅम ६३१ नंबरच्या यूडीपी पोर्टवर कुणाचंही ऐकून घेत होता. समोरच्याने 'मी प्रिंटर आहे' म्हणून थाप मारायची, खोटा प्रिंटर यादीत जायचा, आणि तुम्ही त्यावर प्रिंट काढलीत की त्याची कमांड तुमच्या मशीनवर चालायची. दुरुस्त्या लगेच आल्या. पण त्याआधी कितीजणांना माहीत होतं, की प्रिंटरसाठी आपलं एक दार कायम उघडं आहे? फायरवॉल चालू असती, तर निदान हा सरळ रस्ता बंद झाला असता.

विंडोजने हा धडा आधीच गिरवलाय. एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण नेटवर्क सेटिंगच्या पोटात दडलेली आणि बंद. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म पसरला. वर्षभराने सर्व्हिस पॅक २ मध्ये तीच फायरवॉल आपोआप सुरू झाली, समोर दिसू लागली. अवजार नुसतं असणं आणि ते वापरात असणं, यातला फरक हा.

मग माझं मत?

बटण हवंच. पण पोर्ट नंबरांचा तक्ता दाखवणारं नको. १७१४ ते १७६४ ही पोर्टं केडीई कनेक्टला लागतात, हे पाठ करायची वेळ कुणावर का यावी? नवीन वायफाय जोडलं की एकच प्रश्न विचारा: 'घरचं की बाहेरचं?' एखादं ॲप अडलं तर त्याचं नाव घेऊन सांगा, आणि फक्त त्यालाच सोडा. यात अशक्य असं काहीच नाही. फायरवॉलडीत घर, सार्वजनिक असे झोन आहेत, केडीई कनेक्टची तयार नोंदही आहे. सामान घरात आहे, फक्त माळ्यावर पडलंय. ते खाली आणून ठेवणं हे डेस्कटॉपचं काम.

तोवर आज एवढं करा. उबुंटू किंवा मिंट असेल, तर टर्मिनलमध्ये 'सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस' द्या. 'इनॅक्टिव्ह' आलं, तर 'सुडो यूएफडब्ल्यू एनेबल'. एक सावधगिरी: त्या मशीनवर एसएसएचने लांबून काम करत असाल, तर आधी एसएसएचला परवानगी द्या, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल. आणि डॉकर वापरणाऱ्यांनो, डॉकरने बाहेर उघडलेली पोर्टं यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातात, तेवढं लक्षात ठेवा.

मी माझी फायरवॉल परत चालू केली, फक्त त्या एका ॲपला सोडून. फोटो अजूनही येतात. तुमची चालू आहे का? बघा आणि कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!