तालमीतला फुटबॉल

बार्शीच्या दोस्तांनो, आपल्या गावावरून जाणारी रेल्वे कुर्डुवाडी, पंढरपूर करत मिरजेला पोहोचते. तिथून कोल्हापूर जवळच. कोल्हापूर म्हणजे कुस्ती, हे तुम्हांला ठाऊक असेलच. पण तिथं फुटबॉलही तेवढाच जीव लावून खेळतात, बरं का!

गंमत म्हणजे तिथल्या संघांची नावं ऐका : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम! आता तालमीचा आणि फुटबॉलचा काय संबंध? अहो, तालीम म्हणजे पेठेतल्या पोरांची एकत्र जमण्याची हक्काची जागा. तांबड्या मातीत घाम गाळणाऱ्या पेठांना चेंडूचा नाद लागला आणि तालमीच्या नावानंच संघ उभे राहिले. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. तिच्या लीगचे सामने शाहू स्टेडियमवर रंगतात. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला!

सामन्याला स्टेडियम असतं, पण रोजच्या सरावाचं काय? त्यासाठी घराजवळच मैदान हवं. मोठ्यांच्या फुटबॉल मैदानाची लांबी निदान ९० मीटर लागते. एवढी मोकळी जागा एकदा बांधकामात गेली, की परत मिळत नाही. संघ अकरा जणांचा असतो. मैदान मात्र सगळ्या गावानं जपावं लागतं.

तुमच्या शाळेचं मैदान किती लांब आहे? आईबाबांना सोबत घ्या आणि या रविवारी पावलांनी मोजून बघा!