जाहीर आकडा आणि प्रत्यक्ष हजेरी

लिहिता-वाचता न येणाऱ्या नागरिकाने सरकारदरबारी आपले म्हणणे कसे मांडावे, हा प्रश्न आपल्या प्रशासनाने पिढ्यान्‌पिढ्या अर्जनवीस आणि अंगठ्याचा ठसा यांच्यावर सोपवला. आता त्यांची जागा आवाज घेऊ पाहत आहे. जुलै २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘भाषिणी’ने भारतीय भाषांतील बोलणे संगणकाला कळावे, अशी व्यवस्था उभारायला घेतली, पुढच्याच वर्षी यूपीआयवर बोलून पैसे पाठवण्याची सोय जाहीर झाली. या दिशेचे मी मनापासून स्वागत करतो. म्हणूनच आवाजाच्या फाइली उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमधील त्रुटींचा, वरकरणी रुक्ष वाटणारा विषय येथे मांडतो आहे.

मोबाइलवर नोंदवलेला आवाज एखाद्या सेवेकडे पोहोचला की तो प्रथम उलगडावा लागतो. हे काम प्रत्येक संस्था नव्याने करत नाही. ‘एफएफएमपेग’, ‘लिब-एसएनडी-फाइल’, ‘लिब-व्हॉर्बिस’ अशा मुक्त स्रोत लायब्ररी त्यासाठी तयार आहेत आणि जगभर वापरल्या जातात. फाइलीच्या आरंभी तिचा मथळा असतो. आवाजाच्या वाहिन्या किती, नमुने किती, लांबी किती, हे फाइल स्वतःच तेथे सांगते. लायब्ररीने त्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवला की घोटाळा होतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे मनसबदारांची आठवण यावी. कागदावर घोडे भरपूर आणि तपासणीच्या दिवशी शेजाऱ्याकडून उसने आणलेले, हा प्रकार सर्रास होता. त्यावर उपाय म्हणून अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची पद्धत आणली आणि अकबराने ती पुन्हा लागू केली. जाहीर केलेला आकडा आणि प्रत्यक्ष हजेरी यांचा मेळ घालणे हे राज्यकारभाराचे जुनेच दुखणे आहे.

२०१७ मध्ये ‘लिब-एसएनडी-फाइल’च्या १.०.२८ या आवृत्तीत सापडलेली त्रुटी या दृष्टीने बोधप्रद आहे. वाहिन्यांची संख्या शून्य असेल तर फाइल नाकारावी, एवढी खबरदारी तेथे आधीपासून होती. पण फाइलीने वाहिन्यांचा अवाढव्य आकडा सांगितला तर? त्या आकड्याला प्रत्येक नमुन्याच्या आकारमानाने गुणले की उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही. जुन्या गाड्यांचा किलोमीटरचा काटा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येत असे, तसाच तो गुणाकार शून्यावर येतो. पुढच्या पायरीवर त्याच शून्याने भागाकार होतो आणि कार्यक्रम जागीच बंद पडतो. उपाय एका ओळीचा होता: वाहिन्यांवर कमाल मर्यादा. ‘लिब-व्हॉर्बिस’मध्येही २००८ साली एका शून्य मूल्यामुळे कार्यक्रम कोसळण्याची किंवा न संपणाऱ्या फेऱ्यात अडकण्याची त्रुटी नोंदली गेली होती.

अशा त्रुटींतून माहितीची चोरी होत नाही, फक्त सेवा थांबते. त्यामुळे त्यांना बहुधा ‘मध्यम’ श्रेणी मिळते आणि दुरुस्ती मागे पडते. २०१५ मध्ये अँड्रॉइडमधील ‘स्टेजफ्राइट’ ही माध्यम-लायब्ररी गाजली, कारण तिच्यातून परका माणूस फोनमध्ये शिरू शकत होता. त्यानंतर गूगलने मासिक सुरक्षा-दुरुस्त्या सुरू केल्या आणि अँड्रॉइड ७ मध्ये माध्यमांची कामे वेगवेगळ्या कोठड्यांत विभागली. नुसती सेवा बंद पडण्याला एवढे भाग्य लाभत नाही.

मला ही वर्गवारी सार्वजनिक सेवेसाठी मान्य नाही. घरच्या संगणकावर गाणे वाजले नाही तर आपण दुसरे लावतो. पण हजारो तक्रारींच्या रांगेत एक सदोष फाइल आली तर काय होते? प्रक्रिया कोसळते, आपोआप पुन्हा सुरू होते, काम अपुरे राहिले म्हणून तीच फाइल पुन्हा हाती घेते आणि पुन्हा कोसळते. आखणी ढिसाळ असेल तर मागची सगळी रांग खोळंबते. त्या रांगेत उभे असतात ते नेमके टंकलेखनाचा पर्याय नसलेले लोक. ज्याला फॉर्म भरता येतो त्याला याची गंधवार्ताही लागत नाही.

आपल्या कायद्याची नजर मात्र गुन्हेगारावर आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ अधिकृत व्यक्तीचा संगणकप्रवेश रोखणाऱ्याला जबाबदार धरते. एप्रिल २०२२ च्या ‘सर्ट-इन’च्या निर्देशांनुसार अशा घटना सहा तासांत कळवाव्या लागतात. दोन्ही आवश्यकच. पण अर्धवट अपलोड झालेली फाइलही कच्ची लायब्ररी पाडू शकते. तेथे आरोपी कोणाला करणार? जबाबदारी सेवा उभारणाऱ्याची आणि ती विकत घेणाऱ्या खात्याचीही आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘सर्ट-इन’ने सॉफ्टवेअरच्या घटकसूचीबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. कोणत्या प्रणालीत कोणती लायब्ररी, कोणत्या आवृत्तीची, याची ही नोंदवही. खात्यांनी ती मागितली पाहिजे. अन्यथा नवी दुरुस्ती आली तरी ती कुठे लावायची, हे कळणार नाही. (फाइलिंगला कपाट पुरवून फाइल न उघडण्याची आपली परंपरा येथे चालणार नाही.)

आणि पैसा. यांतल्या कितीतरी लायब्ररी मोजके लोक, बरेचदा विनामोबदला, सांभाळतात. जर्मनीने २०२२ मध्ये अशा कामासाठी ‘सॉव्हरिन टेक फंड’ उभारला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंगळुरूच्या ‘झिरोधा’ने मुक्त स्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. केंद्राच्या आवाजी सेवांच्या अंदाजपत्रकातही असा एक शीर्ष असावा. शिवाय निविदांत तीन अटी घालायला फारसा खर्च नाही: प्रत्येक फाइल उलगडण्याला वेळेची व स्मृतीची मर्यादा, ते काम मुख्य सेवेपासून अलग कोठडीत, आणि दोनदा कोसळलेली फाइल रांगेतून बाजूला काढून माणसाच्या टेबलावर.