स्वच्छ ऊर्जेच्या स्पर्धा आणि कारागिराचे भांडवल

कळवा, मुंब्रा, भिवंडी या पट्ट्यात हुनर असलेल्या हातांची कमतरता कधीच नव्हती. मुकंद, सीमेन्स यांसारख्या मोठ्या कारखान्यांभोवती कळवा वाढले. त्या कारखान्यांना सुटे भाग पुरवता पुरवता इथल्या गाळ्यांमधून फिटर, टर्नर, वेल्डर आणि वायरमन यांच्या पिढ्या तयार झाल्या. राज्याच्या विजेचा भार सांभाळणारे केंद्रही ऐरोलीत असून कळव्याच्याच नावाने ओळखले जाते. अशा ठिकाणी एखाद्या कारागिराला कमी गॅसवर चालणारी भट्टी किंवा विजेची बचत करणारे यंत्र सुचले तर त्यात नवल नाही. अडचण पुढे येते. कल्पना डोक्यात असते, हातात कसब असते, पण पहिले यंत्र बनवून बाजारात उभे करायला पैसा नसतो.

बँकेकडे गेले तर तारण मागतात. आपल्यापैकी अनेकांना व्याजाचे कर्ज नकोच असते. भागीदार मिळाला तर तो आधी विचारतो, "हे चालेल कशावरून?" अशा वेळी अलीकडे एक वेगळी वाट तयार झाली आहे. ती म्हणजे स्वच्छ ऊर्जेच्या उद्योग-स्पर्धा. या स्पर्धा काय आहेत, त्यात काय मिळते आणि उतरण्यापूर्वी कोणती खबरदारी घ्यावी, याची माहिती आम्ही आज देत आहोत.

स्पर्धा म्हणजे नेमके काय?

धूर, कोळसा, डिझेल आणि विजेची नासाडी कमी करणाऱ्या नव्या उपायांना उत्तेजन देण्यासाठी सरकार, विद्यापीठे, कंपन्या आणि विश्वस्त संस्था अशा स्पर्धा भरवतात. अर्जदार आपले यंत्र आणि त्याचा धंदा कसा चालेल याचा आराखडा लिहून पाठवतो. निवड झालेल्यांना परीक्षकांसमोर काही मिनिटांत आपले म्हणणे मांडावे लागते. नंतर प्रश्नोत्तरे होतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००८ पासून स्वच्छ ऊर्जेसाठी अशी स्पर्धा सुरू केली व तिचे मुख्य बक्षीस दोन लाख डॉलर ठेवले. तेव्हापासून हा प्रकार जगभर पसरला.

बक्षिसाच्या पैशाचा मोठा गुण असा की त्यावर व्याज नसते आणि बहुधा धंद्यातला हिस्साही द्यावा लागत नाही. मात्र सर्व स्पर्धा सारख्या नसतात. काही ठिकाणी 'बक्षीस' या नावाखाली गुंतवणूक असते आणि त्या बदल्यात कंपनीचा भाग मागितला जातो. म्हणून अर्जाच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचाव्यात.

महाराष्ट्रातील तीन उदाहरणे

पहिले उदाहरण पुण्याच्या 'आरती' या संस्थेचे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नातू आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये ही संस्था उभी केली. उसाचे पाचट शेतकरी शेतातच जाळून टाकतात. या संस्थेने त्यापासून कोळसा करण्याची पद्धत बसवली आणि २००२ मध्ये लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळवला. पुढे शेणाऐवजी स्वयंपाकघरातील उष्ट्या-खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस यंत्र त्यांनी तयार केले. प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या कापून एकमेकींत बसवायच्या, इतकी त्याची बांधणी साधी. या यंत्राला २००६ मध्ये पुन्हा तोच पुरस्कार मिळाला. यातून शिकायचे ते हे की यंत्र चकचकीत असावे लागत नाही. ते गरिबाला परवडणारे आणि प्रत्यक्ष वापरात असलेले असावे.

दुसरे उदाहरण माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या वैभव तिडके आणि त्यांच्या साथीदारांचे. त्यांनी उन्हावर भाजीपाला सुकवणारे यंत्र बनवले. त्याला विजेची गरज नाही. २०१३ मध्ये डेल कंपनीच्या सामाजिक नवकल्पना स्पर्धेत या यंत्राला साठ हजार डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले. त्यांची 'एस फोर एस टेक्नॉलॉजीज' ही कंपनी नुसती यंत्रे विकून थांबली नाही. शेतकरी महिलांकडे यंत्रे द्यायची, त्यांनी सुकवलेला माल कंपनीने घ्यायचा आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्यांना विकायचा, अशी साखळी तिने उभी केली. २०२३ मध्ये या कंपनीला दहा लाख पौंडांचा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. वाचकांनी दोन तारखांमधील अंतर पाहावे. पहिल्या बक्षिसापासून दुसऱ्यापर्यंत दहा वर्षे गेली. या काळात कंपनीला तगवले ते गिऱ्हाइकांनी.

तिसरे उदाहरण बाहेरून आलेल्या माणसांचे, पण पुण्यात रुजलेले आहे. सोरिन ग्रामा आणि सॅम व्हाइट हे दोघे २००७ मध्ये एमआयटीच्या व्यवसाय-आराखडा स्पर्धेत उपविजेते ठरले. सूर्याच्या उष्णतेवर वीज तयार करण्याचा त्यांचा विचार होता. भारतात आल्यावर खेड्यातील दूध संकलन केंद्रांची अडचण त्यांना दिसली. वीज जाते, दूध नासते, म्हणून डिझेलचे जनरेटर लावावे लागते. सौर यंत्र या धंद्याला परवडत नव्हते. शेवटी त्यांनी सौर भाग बाजूला ठेवला. वीज असताना थंडावा साठवून ठेवणारे आणि वीज गेल्यावर त्याच थंडाव्याने दूध गार करणारे यंत्र त्यांनी बनवले. त्यांची 'प्रोमेथियन पॉवर सिस्टिम्स' कंपनी याच यंत्रावर उभी राहिली. स्पर्धेत ज्याला शाबासकी मिळाली तेच बाजारात चालेल असे नाही, हा धडा येथे मिळतो.

परीक्षक काय विचारतात?

आपले कारागीर बहुधा यंत्राच्या गुणांवरच बोलत राहतात. परीक्षकांना मात्र आणखी तीन गोष्टी हव्या असतात. यंत्र प्रत्यक्ष चालते याचा पुरावा, ते कोण विकत घेणार याचे उत्तर आणि पैसे किती दिवसांत वसूल होतील याचा हिशेब.

हिशेब कसा मांडायचा ते एका उदाहरणाने पाहू. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूर भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर आणण्याचा आदेश दिला. यातील कितीतरी बेकऱ्या आपल्याच बांधवांच्या आहेत. पाव स्वस्त विकायचा आणि इंधन महाग घ्यायचे, हा पेच त्यांच्यासमोर उभा राहिला. समजा, कळव्यातील एका फॅब्रिकेटरने कमी गॅस खाणारी पावभट्टी तयार केली. साध्या गॅसभट्टीला दिवसाला १९ किलोचे चार सिलिंडर लागतात आणि याच्या भट्टीला तीनच लागतात असे धरू. सिलिंडरचा भाव समजण्यापुरता १,६०० रुपये धरला तर महिन्याच्या २६ कामाच्या दिवसांत ४१,६०० रुपये वाचतात. नवी भट्टी साध्या भट्टीपेक्षा अडीच लाखांनी महाग असली तरी ही जादा रक्कम सहा महिन्यांत वसूल होते.

हा चार ओळींचा हिशेब दहा पानांच्या वर्णनापेक्षा भारी ठरतो. पण त्यातील 'तीन सिलिंडर' हा आकडा मोजलेला हवा. दोन बेकऱ्यांत महिनाभर भट्टी चालवून, रोज वहीत नोंद करून, मालकाची सही घेऊन तो आणावा. अशी वही जवळ असेल तर परीक्षकही मानतो आणि भागीदारही.

दाखवण्यापूर्वी अर्ज करा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे एखाद्याने नवे यंत्र बनवले की तो ते आधी चार जणांना दाखवतो, प्रदर्शनात मांडतो आणि मग पेटंटचा विचार करतो. हा क्रम उलटा आहे. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार शोध नवा असावा लागतो. अर्ज करण्यापूर्वीच तो जाहीर झाला तर हक्क हातचा जाऊ शकतो. सरकारने खास अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना कायद्यात बारा महिन्यांची सूट आहे, पण प्रत्येक स्पर्धेला ती लागू होते असे समजू नये.

यावर उपाय सोपा आहे. यंत्र पूर्ण झाले नसले तरी तात्पुरत्या वर्णनासह अर्ज दाखल करता येतो. त्या दिवसाची तारीख आपल्या नावावर लागते आणि पूर्ण वर्णन देण्यास बारा महिने मिळतात. व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. वर्णन लिहून घेण्याचा आणि पुढे तपासणीचा खर्च वेगळा. मुंबईचे पेटंट कार्यालय अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनात आहे. पेटंट मिळाले तर अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे हक्क राहतो. स्पर्धेच्या अर्जात यंत्र काय करते ते सांगावे. ते नेमके कसे करते, हे पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत झाकून ठेवावे.

आपल्याकडे कोणती दारे आहेत?

ज्याच्याकडे कंपनी नाही, पदवी नाही, फक्त स्वतःचा शोध आहे, त्याच्यासाठी गुजरातमधील राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान आहे. २००० मध्ये स्थापन झालेली ही संस्था कारागीर, शेतकरी अशा सामान्य माणसांच्या शोधांची देशव्यापी स्पर्धा घेते आणि निवडलेल्या शोधांना पेटंटसाठीही मदत करते.

पहिला नमुना बनवण्यासाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१६ मध्ये 'निधि' कार्यक्रम सुरू केला. त्यातील 'प्रयास' योजनेत दहा लाखांपर्यंत अनुदान ठेवले गेले आणि एकट्या व्यक्तीलाही अर्जाची मुभा देण्यात आली. पवईच्या आयआयटीतील 'साइन' ही नव्या उद्योगांना जागा व सल्ला देणारी संस्था या योजनेशी जोडलेली आहे. कळव्याहून ती फार दूर नाही.

राज्य सरकारच्या नाविन्यता सोसायटीने २०१८ पासून 'महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताह' ही स्पर्धा घेतली. तीत स्वच्छ ऊर्जेलाही जागा आहे. येथे रोख बक्षिसाऐवजी विजेत्यांना सरकारी खात्यात आपला उपाय वापरून दाखवण्यासाठी पंधरा लाखांपर्यंतचा कार्यादेश देण्याची पद्धत ठेवली गेली. आमच्या मते धंदेवाल्यासाठी हे बक्षिसापेक्षा मोलाचे आहे, कारण पहिले गिऱ्हाईक सरकार असेल तर दुसरे मिळणे सोपे जाते.

केंद्राने २०२१ मध्ये स्टार्टअप बीज-निधी योजनाही आणली. नमुना व चाचणीसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान आणि पुढे धंदा वाढवण्यासाठी पन्नास लाखांपर्यंत रक्कम, अशी तिची रचना. ही दुसरी रक्कम कर्ज किंवा नंतर हिश्श्यात बदलणाऱ्या रोख्याच्या रूपात असते. व्याज टाळणाऱ्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा. अन्य सरकारी योजनेतून दहा लाखांपेक्षा जास्त मदत घेतलेल्यास ही योजना बंद, पण स्पर्धेतील बक्षीस त्या दहा लाखांत धरायचे नाही, अशी सोयही नियमांत केलेली आहे. आणखी एक अट आपल्या लोकांना आडवी येते. एकट्याच्या मालकीच्या पेढीला स्टार्टअप म्हणून मान्यता मिळत नाही. नोंदणीकृत भागीदारी, एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी लागते. योजना आणि स्पर्धा यांच्या मुदती बदलत असतात. म्हणून अर्जापूर्वी त्या वर्षीची जाहिरात पाहून घ्यावी.

गाळा बंद ठेवू नका

शेवटी एक धोक्याची सूचना. स्पर्धांचेही व्यसन लागते. एक अर्ज, मग दुसरा, मग दिल्लीची फेरी, मग फोटो आणि ढाल. वर्ष संपते तेव्हा हातात प्रमाणपत्रे असतात आणि गाळ्याचे भाडे थकलेले असते. आम्ही असे सुचवतो की वर्षाला दोनच स्पर्धा निवडाव्यात. निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. अर्जाची फी मोठी आहे काय? बक्षिसाच्या बदल्यात हिस्सा किंवा शोधाचा हक्क मागतात काय? न जिंकल्यासही सल्ला, चाचणीची सोय किंवा गिऱ्हाइकांची ओळख मिळते काय? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'नाही' आणि तिसऱ्याचे 'होय' असेल तरच उतरावे.

भाषेची भीती बाळगू नये. आपल्याच घरात आता इंजिनीअरिंग आणि कॉमर्स शिकलेली मुले-मुली आहेत. वडिलांनी यंत्र बनवावे, मुलीने हिशेब मांडावा, मुलाने अर्ज लिहावा. परीक्षकांनाही एकट्या माणसापेक्षा अशी जोडी अधिक भरवशाची वाटते. आपल्या बाजारातील जाणत्या व्यापाऱ्यांनीही एक काम करावे. ओळखीच्या कारागिराचे नवे यंत्र महिनाभर आपल्या दुकानात किंवा कारखान्यात चालवून पाहावे आणि जे दिसले ते खरे लिहून द्यावे. त्या कागदाला खर्च काही नाही, पण स्पर्धेत उतरणाऱ्याच्या हातात त्याहून मोठे भांडवल दुसरे नाही.