पडद्यामागचा कान, चौकटीमागची लेखणी

चित्रपट संपला की दिवे लागतात आणि प्रेक्षक उठू लागतात. त्या वेळी पडद्यावर सरकत जाणारी नावांची यादी क्वचितच कोणी वाचतो. चित्रकथेचेही तसेच. चित्रे मनात भरतात; आतल्या पानावर छापलेले लेखकाचे नाव मात्र नजरेतून सुटते. या दुर्लक्षित नावांमागे कोणते काम असते आणि राजूरसारख्या गावात शिकणाऱ्या मुला-मुलींना त्या कामाची वाट मोकळी आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम चित्रपटातील ध्वनीकडे वळू. १९३१ साली ‘आलम आरा’मुळे हिंदी चित्रपट बोलू लागला आणि १९३२ साली ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपटाची मुहूर्तमेढ रोवली. आज ध्वनीचे काम अनेक हातांत विभागलेले असते. चित्रीकरणस्थळी माइक धरून संवाद टिपणारा ध्वनिमुद्रक निराळा. त्या जागेची शांतता, वारा, पाखरे यांचे स्वतंत्र मुद्रण तोच करून ठेवतो. स्टुडिओत पडद्याकडे पाहत पात्राच्या पावलांचे, भांड्यांचे, कपड्यांच्या सळसळीचे आवाज पुन्हा निर्माण करणारा ‘फोली’ कलावंत निराळा. कोणत्या प्रसंगी काय ऐकू यावे याची आखणी ध्वनिसंयोजक करतो आणि शेवटी संवाद, संगीत व इतर आवाज यांचा तोल मिश्रणकार साधतो.

या कामाचे मोल ‘फँड्री’ या २०१३ च्या मराठी चित्रपटातील एका प्रसंगावरून कळते. गावातील एक कुटुंब डुक्कर पकडण्यासाठी धावत असते. डुक्कर हाती येण्याच्या बेतात असतानाच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सारे कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. कोणीही भाषण करीत नाही. तरी त्या कुटुंबाची कोंडी प्रेक्षकाला उमगते, ती कानांवाटे.

ग्रामीण जीवनाचा खरा आवाज टिपण्याच्या कामाला राष्ट्रीय मान्यताही मिळाली आहे. धनगर कुटुंबाची कथा सांगणाऱ्या ‘ख्वाडा’ या मराठी चित्रपटासाठी महावीर सब्बनवाल यांना ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत स्थळध्वनिमुद्रणाचा पुरस्कार लाभला. ‘मी वसंतराव’ या चित्रपटाच्या ध्वनिसंयोजनासाठी अनमोल भावे यांना ६८ व्या पुरस्कारांत गौरविण्यात आले. ‘स्लमडॉग मिलेनियर’साठी २००९ साली ऑस्कर मिळविणारे रसूल पुकुट्टी हे केरळातील एका खेड्यातले. त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि नंतर पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचे शिक्षण घेतले. जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या या शासकीय संस्थेत ध्वनिविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्यासाठी पदवी लागते आणि बारावीला भौतिकशास्त्र असावे लागते. म्हणूनच अकरावीला विषय निवडतानाच पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता चित्रकथेच्या लेखनाविषयी. लेखकाला चित्र काढता आलेच पाहिजे असे नाही. त्याने चित्रकारासाठी संहिता लिहायची असते. कोणत्या पानावर किती चौकटी, प्रत्येक चौकटीत काय दिसेल, कोण काय बोलेल आणि कोठे कोणीच बोलणार नाही, हे सारे तो ठरवितो. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ने ही शिस्त घरोघरी पोहोचविली. या मालिकेत १९७९ साली बाबासाहेबांच्या जीवनावरील अंक निघाला. त्याचे लेखन एस. एस. रेगे यांचे व चित्रे दिलीप कदम यांची.

पुढे २०११ साली ‘नवयान’ने ‘भीमायन’ प्रसिद्ध केले. लेखन श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचे, तर चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. त्यात बाबासाहेबांनी स्वतः नमूद केलेला १९०१ चा प्रसंग आहे. नटूनथटून निघालेली चार मुले मसूर स्थानकावर उतरतात. आपुलकीने विचारपूस करणारा स्टेशनमास्तर त्यांची जात कळताच मागे सरतो. अशा ठिकाणी ‘त्याला किळस आली’ असे लिहिणे सोपे आहे. परंतु जाणता लेखक एका चौकटीत जवळ झुकलेला माणूस ठेवील, पुढच्या चौकटीत चार पावले दूर गेलेला, आणि संवाद एकही नाही. ‘भीमायन’मध्ये तर शब्दांच्या फुग्यांचे आकारही अर्थ सांगतात. कठोर बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे, सौम्य बोलणे पाखराच्या आकारात आहे.

दोन्ही व्यवसायांचे मूळ एकच : नीट ऐकणे आणि काय गाळावे हे ओळखणे. हे भांडवल आमच्या मुलांजवळ आहे. अंगारकीच्या यात्रेचा राजुरातील कोलाहल, कापूस वेचणाऱ्या बायांचे बोलणे, पहाटे वसतिगृहात उठणारे बादल्यांचे आवाज आणि भोकरदन-जालना भागातील बोली हे ज्याने रोज ऐकले आहे, त्याला ते कोणत्याही स्टुडिओत शिकावे लागत नाही. उलट ते ठाऊक नसलेल्यांनी आमचे जीवन रंगविले की आमची माणसे पडद्यावर परक्या बोलीत बोलू लागतात. म्हणून आमच्यातील कोणी माइकमागे व लेखणीमागे बसणे अगत्याचे आहे.

पालकांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. या कामात बहुधा दरमहा ठरलेला पगार नसतो. एक काम संपले की दुसरे शोधावे लागते. त्यामुळे पदवी पूर्ण करूनच या वाटेला लागणे शहाणपणाचे. परंतु सुरुवात आजही करता येते. साध्या मोबाइलवर आजीच्या आठवणी मुद्रित कराव्यात आणि नंतर डोळे मिटून ऐकाव्यात. शाळेतील एखादा प्रसंग सहा चौकटींत लिहून चित्रकला जाणणाऱ्या मित्राच्या हाती द्यावा. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे शहरांत स्थिरावले आहेत, त्यांनी अशा एखाद्या मुलाला प्रवेशपरीक्षेपर्यंत सोबत दिली, तर पुढील स्मरणिकेच्या वेळी पडद्यावर सरकणाऱ्या यादीत एखादे आपल्या गावचे नाव वाचण्यासाठी आपण सारे खुर्चीत बसून राहू.