बॅटरी बदलण्याआधी अर्थिंग बघा

उदगीरकडं कुणाच्या दारात महिंद्राची जुनी एमएम ५४० असेल, तर आजचा भाग त्यांच्यासाठी. सेल्फ मारला की नुसतं टकटक? लगेच नवी बॅटरी घेऊ नका. पैसे वाया जाऊ शकतात.

घरची अर्थिंग म्हणजे खड्डा, मीठ, कोळसा. गाडीत तसं नसतं. इथं करंट वायरनं जातो आणि इंजिन-चेसीसमधून बॅटरीच्या मायनसला परत येतो. पण इंजिन बसतं रबरावर, म्हणून इंजिन ते चेसीस तांब्याची पट्टी लागते. ती गंजली की संपलं! सेल्फनं २०० अँपिअर ओढले आणि वाटेत फक्त ०.०१ ओहम अडथळा असला, तरी १२ पैकी २ व्होल्ट तिथंच जातात.

टेस्ट सोपी आहे. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूला, काळं बॅटरीच्या मायनसला. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.५ व्होल्टच्या वर आकडा गेला, तर दोष अर्थिंगचा. कमी आला, तर मग बॅटरी आणि प्लसची केबल तपासा.

दुरुस्ती करताना आधी मायनस काढा. जोड पॉलिश पेपरनं चकचकीत घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. पट्टी तुटकी असेल तर जाड नवी टाका. नाहीतर करंट क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि ती तापते.