थोड्या खर्चातील प्रवास

पाठीवर एक पिशवी टाकावी आणि आगगाडीच्या साध्या डब्यातून व एस. टी. च्या मोटारीतून पंधरा दिवस हिंडून यावे, ही हौस हल्लीच्या तरुणांनी परदेशी प्रवाशांपासून उचलली असा पुष्कळांचा समज आहे. परंतु हा प्रयोग आपल्या देशात १९०२ सालीच होऊन गेलेला आहे. बॅरिस्टर गांधी त्या साली कलकत्त्यास गोपाळ कृष्ण गोखले यांच्या घरी महिनाभर राहिले आणि तेथून राजकोटला तिसऱ्या वर्गाने जाण्याचा बेत त्यांनी बोलून दाखविला. गोखल्यांनी प्रथम थट्टा केली; हेतू ध्यानी आल्यावर मात्र ते स्वतः स्टेशनावर पोहोचवावयास आले व फराळाचा डबाही त्यांनीच भरून दिला. गांधींचे सामान म्हणजे बारा आण्यांची एक पिशवी, तीत लोकरी डगला, धोतर, पंचा व सदरा. शिवाय एक कांबळे आणि पाण्याचे भांडे. काशी, आग्रा, जयपूर व पालनपूर येथे एकेक दिवस उतरत, बहुधा धर्मशाळेत नाही तर पंड्याकडे राहत ते घरी पोहोचले. भाडे धरून एकतीस रुपयांहून अधिक खर्च झाल्याचे आठवत नाही, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

तिसरा वर्ग हे नाव १९७४ साली गेले. स्वस्ताई मात्र गेली नाही. ती नियमांच्या पुस्तकात दडून बसली आहे, आणि ज्याला नियम ठाऊक त्यालाच ती सापडते.

पहिली गोष्ट अशी की, अंतर जसजसे वाढते तसतसा दर किलोमीटरमागचा रेल्वेचा आकार उतरत जातो. म्हणून नागपूर ते भुसावळ आणि भुसावळ ते मुंबई अशी दोन तिकिटे काढणारा, नागपूर-मुंबई असे एकच तिकीट काढणाऱ्यापेक्षा अधिक पैसे मोजतो. मग वाटेत उतरावयाचे झाल्यास? तिकीट पाचशे किलोमीटरहून लांबचे असेल, तर पहिले पाचशे किलोमीटर संपल्यावर मधल्या स्टेशनावर उतरता येते. हजार किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर एकदा व त्यापुढच्या तिकिटावर दोनदा. मुक्काम दोन दिवसांचा. उतरण्याचा व पुन्हा चढण्याचा दिवस त्यात धरीत नाहीत. उतरताच तिकिटावर स्टेशनातील अधिकाऱ्याकडून तसा शेरा मात्र घ्यावा लागतो, आणि काही खास गाड्यांना ही सवलत नाही.

या नियमाची एक गंमत पाहण्याजोगी आहे. नागपूर ते मुंबई हे अंतर ८३७ किलोमीटर. मुंबईहून नागपूरला येणारा शेगावी उतरून श्रीगजानन महाराजांचे दर्शन घेऊ शकतो, कारण शेगाव मुंबईपासून पाचशेच्या पलीकडे आहे. नागपूरहून निघालेल्यास तेच शेगाव तीनशेच्या आत लागते. त्याला ही सोय नाही! त्याने मनमाडास किंवा नाशिकरोडला उतरावे.

याहून मोठी सोय वर्तुळाकार प्रवासाच्या तिकिटाची. जेथून निघावयाचे तेथेच परत यावयाचे आणि वाटेत आठ ठिकाणांपर्यंत थांबावयाचे. एकूण अंतराचे दोन समान भाग कल्पून प्रत्येकाचे एकेरी भाडे घेतात. त्यामुळे लांब पल्ल्याचा उतरता दर पदरात पडतो. मुंबई-हावडा व दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग नागपुरास एकमेकांना छेदतात, म्हणून नागपूरकराइतकी या तिकिटाची अनुकूलता क्वचितच कुणाला असेल. बिलासपूरवरून हावडा, तेथून पुरी, विशाखापट्टणम्, विजयवाडा आणि बल्लारशावरून परत, असा एक उत्तम फेरा होतो. अर्ज आधी करावा लागतो व जागा राखण्याचे काम निराळे.

असो. साध्या डब्याविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. त्या डब्यात हौशी प्रवाशाच्या शेजारी छत्तीसगडचा किंवा विदर्भाचा मजूर कामाच्या शोधात निघालेला असतो, आणि दोनदा तिकिटे काढून जास्त पैसे भरणारा पुष्कळदा तोच असतो. शिकलेल्यांनी तिसऱ्या वर्गाने जावे, तेथील सवयी सुधाराव्या व अधिकाऱ्यांना तक्रारी करून स्वस्थ बसू देऊ नये, असे गांधींचे म्हणणे होते. रात्रीच्या दहा-बारा तासांच्या प्रवासाला शयनयानाचे तिकीट काढणे ही काही चैन नव्हे. तरुणाने ते काढावे आणि बाकावरची जागा त्या मजुराला सोडावी.

वडील मंडळींना रेल्वेत मिळणारी भाड्यातील सूट मार्च २०२० पासून बंद आहे. ती उणीव एस. टी. काहीशी भरून काढते. पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट पडत नाही, व २०२३ पासून स्त्रियांना अर्धे पडते. 'आवडेल तेथे प्रवास' हा १९८८ पासून चालू असलेला चार किंवा सात दिवसांचा पास फिरत्या माणसाला फार उपयोगी. स्त्रियांनी मात्र अर्ध्या तिकिटाशी ताडून पाहून मगच तो घ्यावा. सात दिवसांत नागपूरहून सेवाग्राम, अमरावती, परतवाड्यावरून चिखलदरा, मग अकोला, शेगाव आणि मेहकरवरून लोणार एवढे सहज होते. शेगावास संस्थानाच्या भक्तनिवासात अल्प दरात उतरता येते. लोणारला सरोवराच्या काठी उतरण्यापूर्वी स्थानकावर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवावी. वर चढून येण्यास उतरण्याहून बराच अधिक वेळ लागतो.